शिफारस केलेले ग्रंथ आणि 'सुसंस्कृत' राष्ट्रे

कायद्याच्या इतर शाखांत ग्रंथकाराला मान असतो, अधिकार नसतो. फौजदारी कायद्यावर कोणी कितीही विद्वत्तापूर्ण भाष्य लिहिले तरी न्यायाधीशाला ते बाजूस सारता येते. त्याच्यापुढे विधिमंडळाने केलेला कायदा असतो. आंतरराष्ट्रीय कायद्याचे तसे नाही. त्याला विधिमंडळच नाही. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीतील ३८ वे कलम न्यायालयाने कायदा कोठे शोधावा ते सांगते. करार, रूढी, कायद्याची सर्वसामान्य तत्त्वे, आणि त्यानंतर दुय्यम साधन म्हणून न्यायनिर्णय व निरनिराळ्या राष्ट्रांतील अत्यंत अधिकारी ग्रंथकारांची शिकवण. दुय्यम म्हटले आहे हे खरे. न्यायालयाचे बहुमताचे निकाल ग्रंथकारांची नावे क्वचितच घेतात हेही खरे. पण रूढी कोणती हे ठरवावयाचे कोणी? शेदोनशे राज्यांचे वर्तन पाहून त्यातून नियम काढावयाचा कोणी? ते काम ग्रंथकार करतो. वकील त्याचे पान उघडून युक्तिवाद करतात, न्यायाधीश आपल्या स्वतंत्र मतपत्रिकांत त्याला उद्धृत करतात, आणि हे वकील व न्यायाधीश विद्यार्थिदशेत त्याच्याच पुस्तकावर वाढलेले असतात. तेव्हा या विषयात कोणाचे पुस्तक छापले जाते, कोणाच्या पुस्तकाची शिफारस होते, आणि कोणाचे यादीत येत नाही, हा ग्रंथालयाचा किरकोळ कारभार नव्हे. कायदा कोण करतो, हाच तो प्रश्न आहे.

आपल्या वाचकांना ही गोष्ट समजावून सांगावी लागेल असे मला वाटत नाही. ग्रंथ कायदा कसा होतो हे आपल्या पिढ्यान् पिढ्यांनी अंगावर भोगले आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात धर्माची साधने सांगितली आहेत. वेद, स्मृती, सदाचार आणि आपल्या मनाला रुचेल ते. सदाचार म्हणजे चांगले वागणे, असे आपल्याला शाळेत सांगतात. स्मृतिकाराने मात्र त्याची व्याख्या नेमकी केली आहे. सरस्वती आणि दृषद्वती या दोन नद्यांमधल्या ब्रह्मावर्तात परंपरेने चालत आलेला आचार, तो सदाचार. बाकीच्यांचे आचार हे आचारच नव्हेत. पुढे विज्ञानेश्वराची मिताक्षरा आली. ती मूळची एक टीका. कोलब्रुकने तिच्यातील वारसाहक्काचा भाग १८१० साली इंग्रजीत छापला आणि ती इंग्रजी न्यायालयांत कायदा म्हणून उभी राहिली. एका साहेबाने एक पोथी निवडली, छापखान्याने तिच्या प्रती काढल्या, आणि लाखो घरांतील वारसा त्या पोथीप्रमाणे ठरू लागला.

आता ३८ व्या कलमाकडे पुन्हा वळू. त्यातील सर्वसामान्य तत्त्वे कोणाची? 'सुसंस्कृत राष्ट्रांनी' मान्य केलेली. हे शब्द १९२० साली, राष्ट्रसंघाच्या काळात, कायदेपंडितांच्या एका समितीने बसून लिहिले. तेव्हा आशिया-आफ्रिकेचा बहुतेक भाग दुसऱ्यांच्या मालकीचा होता. १९४५ साली नवे न्यायालय स्थापन झाले, संविधी पुन्हा लिहिली गेली, आणि शब्द तसेच राहिले. आजही तसेच आहेत. ब्रह्मावर्त उत्तर समुद्राच्या काठी सरकले, एवढाच फरक.

या शब्दांवर न्यायालयाच्या आतूनच आघात झाला तो १९६९ साली. उत्तर समुद्राच्या तळाच्या वाटणीच्या खटल्यात लेबाननचे न्यायमूर्ती फुआद अम्मून यांनी आपल्या स्वतंत्र मतपत्रिकेत 'सुसंस्कृत राष्ट्रे' हा भेद संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील समानतेशी विसंगत आहे असे सांगितले. त्याआधी १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या करारात 'राष्ट्रसमुदाय' असा शब्द आलेला होता, आणि अलीकडे आंतरराष्ट्रीय विधी आयोगानेही आपल्या मसुद्यात तोच पत्करला आहे. पण पाठ्यपुस्तके काय करतात? हा शब्द आता कालबाह्य झाला आहे, सर्वच राष्ट्रे सुसंस्कृत मानली जातात, असे एक वाक्य, फार तर एक तळटीप, आणि पुढचा परिच्छेद. मला या घाईचे आश्चर्य वाटते. घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली एवढे सांगून गावातील पाणवठ्यावरचा विषय संपवणारे प्राध्यापक आपण पाहिले आहेत. ही तळटीप त्याच जातीची आहे.

शब्द नुसता निसटून आलेला नव्हता. त्याच्यामागे तीनशे वर्षांचे ग्रंथप्रकाशन होते. ह्यूगो ग्रोटियस या विषयाचा जनक मानला जातो. समुद्र सर्वांना मुक्त आहे असे सांगणारे त्याचे छोटे पुस्तक १६०९ साली लेखकाचे नाव न घालता छापले गेले. ते एका मोठ्या हस्तलिखिताचे एक प्रकरण होते, आणि ते हस्तलिखित डच ईस्ट इंडिया कंपनीची बाजू मांडण्यासाठी लिहिलेले होते. कंपनीच्या माणसांनी १६०३ साली सिंगापूरजवळ सांता कातारिना हे पोर्तुगीज जहाज मालासकट पकडले. ती लूट न्याय्य कशी हे दाखवावयाचे होते. संपूर्ण हस्तलिखित छापून बाहेर आले १८६८ साली. म्हणजे अडीच शतके विद्यार्थी मुक्त समुद्राचे तत्त्वज्ञान वाचत होते. ते ज्या वकीलपत्रातून निघाले ते वकीलपत्र मात्र त्यांच्या समोर नव्हते. एडिंबरोच्या जेम्स लोरिमरने १८८३-८४ च्या आपल्या ग्रंथात मानवजातीचे तीन वर्ग पाडले. सुसंस्कृत, अर्धसंस्कृत, रानटी. पूर्ण मान्यता पहिल्याला, अपुरी दुसऱ्याला, आणि तिसऱ्याला माणूस म्हणून काय मिळेल तेवढे. चातुर्वर्ण्यात निदान चार होते! ओपेनहाइमचा ग्रंथ १९०५-०६ साली निघाला. त्यात 'राष्ट्रांचे कुटुंब' आहे, आणि त्या कुटुंबात कोणाला घ्यावयाचे हे आधीच आत बसलेल्यांनी ठरवावयाचे आहे. लोरिमर आज कोणी शिकवत नाही. ओपेनहाइम मात्र नव्या संपादकांच्या हाताखाली आवृत्ती बदलत जिवंत राहिला, आणि भारतातल्या कित्येक शिफारस-याद्यांत अजून आहे.

आता या याद्यांविषयी. मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी कायदा शिकवतो. आमच्या अभ्यासक्रमाच्या शेवटी 'शिफारस केलेले ग्रंथ' म्हणून जी यादी असते ती वर्षानुवर्षे जवळजवळ तशीच छापली जाते. तिच्यात ओपेनहाइम, स्टार्क, ब्राऊनली, शॉ. ब्राऊनलीचे पुस्तक १९६६ चे, शॉचे १९७७ चे. दोन्ही चांगली आहेत, हे मी मोकळेपणाने म्हणतो. ब्राऊनलीइतके काटेकोर लिहिणे सोपे नाही, आणि जेम्स क्रॉफर्डने त्याची पुढची आवृत्ती निगुतीने केली. पण ही पुस्तके माझे विद्यार्थी वाचत नाहीत. त्यांची आई दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचते. एका परदेशी ग्रंथाच्या किमतीत त्यांची महिन्याची खानावळ भागते. ते एस. के. कपूर नाही तर एच. ओ. अग्रवाल वाचतात, त्यातूनही प्रश्नोत्तरांची वही काढतात, आणि पास होतात. म्हणजे यादी एक आणि वाचन दुसरे. यादी ही विद्वत्तेची देवपूजा आहे. नैवेद्य दाखवावयाचा, खावयाचा नाही.

मी एकदा दोन पुस्तकांची मागणी केली. ग्रंथालयाकडून उत्तर आले की ही विद्यापीठाच्या शिफारस-यादीत नाहीत, सबब खरेदी करता येत नाहीत. मग यादी करणाऱ्या मंडळाकडे लिहिले. तेथून तोंडी उत्तर मिळाले की जी पुस्तके महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत उपलब्ध नाहीत त्यांची शिफारस करणे व्यवहार्य नाही. या चक्रातून पुस्तक आत यावयाचे कसे हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.

पण नुसत्या किमतीचे रडगाणे गाण्यासाठी मी हा लेख लिहीत नाही. यादीतले पुस्तक हातात आले तरी ते काय दाखवते आणि काय कापून टाकते, हा खरा प्रश्न. एकच खटला घेतो, कारण त्याची मुळे आपल्या मातीत आहेत. पोर्तुगाल विरुद्ध भारत, भारतीय प्रदेशातून जाण्याच्या हक्काचा खटला, निकाल १२ एप्रिल १९६०. १९५४ साली दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून गेली. दमणहून तेथे जावयाचे तर मधला भाग भारताचा. भारताने वाट अडवली. पोर्तुगाल हेगला गेले. भारताच्या वतीने खास न्यायाधीश म्हणून मो. क. छागला बसले होते. आणि या जागतिक न्यायालयापुढे पुरावा म्हणून काय आले? १७७९ चा पुण्याचा तह आणि १७८३ व १७८५ च्या मराठी सनदा. मराठ्यांनी पोर्तुगीजांना या गावांचे सार्वभौमत्व दिले की नुसता महसूल दिला, हा वाद. न्यायालयाने निर्णय दिला की हे जहागीर अथवा सरंजाम या स्वरूपाचे दान होते, सार्वभौमत्वाचे नव्हे. मात्र पुढे इंग्रज आले, त्यांनी पोर्तुगीजांना तेथे धनी म्हणून गृहीत धरले, आणि त्यांचे सार्वभौमत्व तसे पक्के झाले. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांची ये-जा सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालली, म्हणून तेवढ्यापुरता हक्क रूढीने निर्माण झाला. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रे यांना तो नाही. आणि १९५४ साली भारताने जे केले त्याने त्या हक्काचा भंग झाला नाही.

पाठ्यपुस्तकांत हा खटला कोठे भेटतो? 'रूढी' या प्रकरणात, एका ओळीत. दोनच राज्यांमध्येही रूढी निर्माण होऊ शकते, पाहा पोर्तुगाल विरुद्ध भारत. झाले. सरंजाम गेला, सनद गेली, पेशवाई गेली, वसाहत गेली. नियम तेवढा गाळून बाटलीत भरला. परीक्षेला नियम पुरतो. पण मराठी वाचणाऱ्या विद्यार्थ्याला सरंजाम म्हणजे काय हे केंब्रिजच्या प्राध्यापकापेक्षा अधिक कळते. सरंजामदार महसूल खातो. महसूल कोण पिकवतो? ही गावे वारली, धोडिया, कोकणा यांची. पेशवे, पोर्तुगीज, इंग्रज आणि भारत सरकार या चार धन्यांच्या हक्कांची चर्चा त्या निकालात पानोपान आहे. ज्यांच्या डोक्यावरून ही धनीपणाची देवघेव झाली त्यांना काय हवे होते, हा प्रश्न न्यायालयापुढे आलाच नाही, कारण कायद्याच्या चौकटीत तो बसत नव्हता. पेशवाईकडे अभिमानाने पाहणाऱ्या इतिहासकारालाही तो सुचलेला नाही. मी हा निकाल शिकवतो तेव्हा सोबत गोदावरी परुळेकरांचे १९७० चे 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचावयास सांगतो. नगर हवेलीच्या शिवेलगत, ठाणे जिल्ह्यात, वारल्यांच्या वेठीचे चित्र त्यात आहे. ते आंतरराष्ट्रीय कायद्याचे पुस्तक नाही असा आक्षेप एका सहकाऱ्याने घेतला. नसेल. त्याशिवाय तो निकाल समजत नाही, एवढेच मी म्हणतो.

युरोपच्या ग्रंथकारांना उत्तर दिले गेले नाही असे नाही. रा. प्र. आनंद यांचे 'नवी राज्ये आणि आंतरराष्ट्रीय कायदा' आणि नायजेरियाचे एलियास यांचे आफ्रिकेवरील पुस्तक एकाच वर्षी, १९७२ साली, निघाले. मद्रासला शिकवून गेलेल्या अलेक्झांड्रोविच यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात दाखवले की सोळाव्या ते अठराव्या शतकांत युरोपीय कंपन्या आशियाई राजांशी बरोबरीच्या नात्याने करार करीत होत्या. त्यांना कुटुंबाबाहेर ढकलणे हा एकोणिसाव्या शतकाचा उद्योग. पुढे भू. सिं. चिमणी यांचे १९९३ चे आणि अँटनी अँघी यांचे २००५ चे पुस्तक आले. अँघींचा मुद्दा असा की वसाहतवाद हा या कायद्यातील अपघात नव्हे. सार्वभौमत्वाची कल्पनाच वसाहतीच्या सामन्यातून घडली. हा विचार आपल्याला जवळचा वाटावा असाच आहे. अँथिया रॉबर्ट्स यांनी २०१७ साली निरनिराळ्या देशांतील पाठ्यपुस्तके आणि प्राध्यापकांची शिक्षणे तपासून, हा कायदा खरोखर आंतरराष्ट्रीय आहे काय, असेच शीर्षक आपल्या पुस्तकाला दिले. विद्यार्थी परिघावरून केंद्राकडे शिकावयास जातात आणि पुस्तके केंद्राकडून परिघावर येतात, हे त्यांनी मांडले आहे.

तथापि या तिसऱ्या जगाच्या मांडणीत एक चोरवाट आहे आणि ती आपणच दाखवली पाहिजे. दुसरा कोणी दाखवणार नाही. युरोपने म्हटले, तुम्हाला राष्ट्रांचा कायदा माहीत नव्हता. त्यावर भारतीय पंडितांनी म्हटले, आमच्याकडे तो होताच. हा उद्योग जुना आहे, एस. व्ही. विश्वनाथ यांचे प्राचीन भारतातील आंतरराष्ट्रीय कायद्यावरील पुस्तक १९२५ चे. पुरावा म्हणून कौटिल्य आला, महाभारत आले आणि मनू आला. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात लढाईचे नियम आहेत. विषारी वा काटेरी शस्त्र वापरू नये, निःशस्त्राला मारू नये, शरण आलेल्याला मारू नये. युद्धातील मानवतावादी कायद्याच्या इतिहासावर लिहिणाऱ्या देशी-विदेशी विद्वानांनी हे श्लोक उचलले, आणि आज जगभरच्या विद्यार्थ्याला मनू भेटतो तो दयाळू पूर्वज म्हणून. आठवा आणि दहावा अध्याय त्या पानावर नसतो. शूद्राची जीभ छाटावयास सांगणारा, चांडाळाला गावाबाहेर ठेवून प्रेताची वस्त्रे नेसावयास लावणारा मनू त्या विद्यार्थ्याला माहीत होत नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ का जाळला गेला हे तर नाहीच नाही.

युद्धात शत्रूवर दया आणि गावात शेजाऱ्यावर क्रौर्य, या दोन गोष्टी एका ग्रंथात कशा नांदतात? हा प्रश्न आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दृष्टीने अवांतर नाही. दोन्हींची पद्धत एक आहे. नियम कोणाला लागू आणि कोण नियमाच्या बाहेर, हे आधी ठरवावयाचे, मग आतल्यांशी उदार व्हावयाचे. लोरिमरनेही तेच केले. वसाहतवादाला उत्तर देताना मनूला साक्षीला बोलावणे म्हणजे एका लोरिमरविरुद्ध दुसरा लोरिमर उभा करणे होय. आनंद किंवा चिमणी यांना मी या रांगेत बसवत नाही. त्यांचा भर राज्यांच्या विषमतेवर आणि आर्थिक शोषणावर आहे. पण 'तिसरे जग' म्हणताना त्या जगाच्या आत गावकुसाबाहेरचे एक जग आहे, त्याची नोंद त्यांच्या सिद्धांतात ठळकपणे होत नाही, हे म्हणणे भाग आहे.

ती नोंद व्हावी म्हणून प्रयत्न झाला तो मात्र यांच्याही आधी. १९४६ साली अमेरिकेतील निग्रोंच्या राष्ट्रीय काँग्रेसने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच उन्हाळ्यात डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागवल्या. अस्पृश्यांच्या वतीने तसेच करण्याचा विचार आहे असे कळवले. डुबॉइस यांनी जुलैअखेरीस सहानुभूतीचे उत्तर पाठवले. संयुक्त राष्ट्रे जेमतेम वर्षाची नव्हती. आंतरराष्ट्रीय कायदा हा राज्याराज्यांतला व्यवहार आहे असे सारे ग्रंथकार लिहीत असताना, राज्याबाहेर टाकलेल्या माणसाला तेथे उभे राहता येईल काय, हा प्रश्न या दोन माणसांनी टपालाने विचारला. यादीतल्या कोणत्या पुस्तकात हे पत्र आहे? मला आढळलेले नाही. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने डुबॉइस यांची कागदपत्रे जपली आहेत आणि ती कोणालाही फुकट पाहता येतात.

१९६५ साली वांशिक भेदभाव नष्ट करण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या पहिल्या कलमात वंश, वर्ण, राष्ट्रीय वा वांशिक मूळ यांच्याबरोबर आणखी एक शब्द आहे, ज्याला आपण मराठीत कूळ म्हणू. हा शब्द सुचवला भारताने. त्याच चर्चेत भारताच्या प्रतिनिधीने हेही सांगितले की विशेष उपाययोजनांची तरतूद त्याच्या देशातील अशा लोकांसाठी लागते जे वंशाने इतरांसारखेच आहेत, पण जातिव्यवस्थेने त्यांना शतकानुशतके हीन अवस्थेत ठेवले. पुढे समितीपुढे अहवाल देताना भारत सरकारने भूमिका घेतली की जात म्हणजे वंश नव्हे, सबब ती या करारात येत नाही. १९९६ साली समितीने हे अमान्य केले. २००१ साली दरबानच्या परिषदेत दलित कार्यकर्ते गेले आणि सरकारने विरोध केला. २००२ साली समितीने आपल्या २९ व्या सर्वसाधारण शिफारशीत स्पष्ट केले की कुळावर आधारलेल्या भेदभावात जातीसारख्या व्यवस्था येतात. सरकारने आपले म्हणणे सोडले नाही. त्याचा आधार असा की घटनेच्या १६ व्या कलमात जात आणि कूळ हे शब्द वेगवेगळे लिहिले आहेत. मुद्दा सांगोपांग तपासावा असा आहे, आणि वकिली करू इच्छिणाऱ्या आमच्या मुलांनी तो तपासला पाहिजे.

पण कोठून? या विषयावर नेमकी लिहिलेली पुस्तके आहेत. डेव्हिड कीन यांचे २००७ चे, अन्नपूर्णा वॉघरे यांचे २०२२ चे. मी मागणी केलेली दोन पुस्तके हीच. दोन्ही इंग्लंडमधील प्रकाशकांची, ग्रंथालयांनाच परवडतील अशा किमतीची. लेखक प्रामाणिक आहेत, अभ्यास कसून केला आहे. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती मजूर-वाटणीची. अत्याचार मराठवाड्यात होतो, त्याची सत्यशोधन-पत्रके आमचे कार्यकर्ते रात्री जागून लिहितात, ती जिनिव्हाला परिशिष्ट म्हणून जातात, आणि त्यांचा अर्थ लावणारे पुस्तक आमच्याच ग्रंथालयाला विकत घेता येत नाही. ३८ व्या कलमातील 'निरनिराळ्या राष्ट्रांतील' हे शब्द वाचताना मला ही पत्रके आठवतात. त्यांचे लेखक अधिकारी ग्रंथकार नाहीत. त्यांच्या पत्रकांना सूची नसते, प्रकाशनवर्षही नसते.

तोपर्यंत मी विद्यार्थ्यांना एक वेगळी यादी सायक्लोस्टाइलच्या जुन्या सवयीने एका पानावर काढून देतो. १९६५ चा करार, २९ वी शिफारस, भारताच्या अहवालांवरील समितीची निरीक्षणे, १९६० चा हेगचा निकाल छागलांच्या मतपत्रिकेसह. ही सारी कागदपत्रे विनामूल्य मिळतात. १९४६ ची दोन पत्रे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखनाचे खंड, जे परदेशी ग्रंथाच्या मानाने कवडीमोल किमतीत मिळतात. मनुस्मृतीही मी यादीत घातली आहे. सातवा अध्याय वाचणाऱ्याने आठवा आणि दहावा वाचल्याशिवाय उत्तर लिहू नये अशी सूचना तिच्यापुढे आहे. गेल्या सत्रात औंढ्याकडून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने २९ व्या शिफारशीचे मराठी भाषांतर करावयास घेतले. पहिल्याच पानावर ती अडली ती 'कूळ' या शब्दापाशी. आमच्याकडे कूळ म्हणजे जमीन कसणारा, असे ती म्हणाली. दोन अर्थांची टीप घालून तिने ते काम पुढे चालू ठेवले आहे. ते पुरे झाले की ज्या संघटनांना हवे असेल त्यांना प्रती पाठवू. टपालखर्च ज्याचा त्याने करावा.